आरशातला पिवळा

एका दिवाणखान्यात चार फुटांचा समुद्र होता. काचेच्या त्या टाकीत पिवळा टँग मासा दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. टाकीतल्या एकाही दगडाजवळ त्याने कधी कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

रंगरूप वेगळं असलं की हे मासे कमी भांडतात, म्हणून मालकीण वत्सलाबाईंनी मुद्दाम तपकिरी टँग आणून सोडला. तरी पिवळा शेपटीजवळचा काटा उगारून धावला. त्याचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून बाईंनी लगेच काचेला बाहेरून आरसा टेकवला. पिवळ्याला तिथे दुसरा पिवळा दिसला, तोही काटा उगारलेला.

"आधी याला बघून घेतो," तो म्हणाला.

तीन दिवस तो झुंजला. खाणं सुटलं, पंख फाटले. तपकिरी तोवर दगडांवरचं शेवाळ खरवडत घरात रुळला.

चौथ्या दिवशी बाईंनी आरसा काढला. पिवळा धापा टाकत तपकिऱ्याजवळ आला.

"पाहिलंस? त्याला पळवून लावलं."

"पाहिलं. थोडं शेवाळ ठेवलंय तुझ्यासाठी."

पिवळ्याने एक घास घेतला आणि पुन्हा काचेकडे वळून पाहिलं.

"तो परत आला तर?"

"तू इथे बसून जेवलास," तपकिरी म्हणाला, "तर नाही यायचा."