उरलेला द्रोण

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावं होती, पण राज्यांच्या सीमा कोणी नीट आखलेल्या नव्हत्या. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक पंतोजी होते. लहान मुलांना अंक शिकवणं हे त्यांचं काम.

पंतोजी मनाने वाईट नव्हते. सकाळी देवळाच्या ओवरीत मुलं जमत. पंतोजी एक ओळ म्हणत, मुलं ती ओळ परत म्हणत. एक, दोन, तीन, असं करत करत आवाज शंभरापर्यंत जाई. पाण्याला गेलेल्या बायका घागर कमरेवर तशीच धरून क्षणभर ऐकत उभ्या राहत. गावच्या पाटलांकडे पाहुणे आले की पाटील त्यांना मुद्दाम ओवरीकडे आणत. पाच-सहा वर्षांची पोरं डोळे मिटून शंभरापर्यंत न अडखळता म्हणतात, हे बघून पाहुणे माना डोलावत.

या मुलांत सगळ्यांत तरबेज विसू. तो इतक्या भरभर म्हणे, की ऐकणाऱ्यालाच धाप लागे. पंतोजींचा तो लाडका होता.

त्या वर्षी ठमी नावाची एक मुलगी नव्याने आली. पहिल्याच दिवशी पंतोजींनी तिला विचारलं, "ठमे, पाचापुढे काय?"

ठमीने इकडे तिकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "पाच काय?"

"पाच म्हणजे पाच."

"हो, पण पाच काय?"

मुलं हसली. पंतोजींनी तिला पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, आठ दिवस विचारलं. ठमी प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघे, मग जमिनीकडे बघे. शेवटी पंतोजींनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, "बाई, हिला अंक कळायचे नाहीत. घरी ठेवा. उगीच इतर मुलांचा खोळंबा होतो."

आईला शेतावर जावं लागे. तिने मुलीला शेजारच्या सगुणाक्काच्या अंगणात सोडलं. सगुणाक्का पत्रावळी लावायची. गावात लग्न असो की तेरावं, पत्रावळी तिच्याकडूनच जात. तिच्या अंगणात अशी आणखी चार-पाच मुलं असत. कोणी फार लहान, कोणी फार खोडकर, कोणी ठमीसारखी परत पाठवलेली. सगुणाक्का त्यांना शिकवते असं कोणी म्हणत नसे. ती त्यांना सांभाळते, एवढंच गाव म्हणे.

सगुणाक्काने ठमीच्या हातात पळसाची एक डहाळी दिली. "देठाला पानं किती, बघ."

ठमीने एकेका पानाला बोट लावलं. एक, दोन, तीन.

"आता ही दुसरी डहाळी."

तिथेही तीन. ठमीने अंगणातला सगळा ढीग उपसला. प्रत्येक देठाला तीनच. दिवस मावळेपर्यंत ती देठ तपासत होती. पळसाला पानं तीनच, हे गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं, पण ठमीने ते स्वतः शोधून काढलं होतं. त्या आनंदात ती जेवायलासुद्धा घरी गेली नाही.

मग कामं वाढत गेली. मोठी पानं एकीकडे, लहान एकीकडे. दोन देठांची पानं घेतली की एक पत्रावळ होते, हे तिच्या हातांना समजलं. मध्ये एक पान ठेवायचं, भोवती बाकीची लावायची आणि बांबूच्या बारीक काडीने टाचायचं. एखादं पान कमी पडलं, तर भोक दिसतं. भोक दिसलं, की सांगायला कोणी लागत नाही. शेवटी प्रत्येक पत्रावळीवर एक द्रोण ठेवायचा. पत्रावळ उरली तर द्रोण कमी, द्रोण उरला तर पत्रावळ कमी.

सगुणाक्का फारसं बोलत नसे. कोणी चुकलं, तरी "चुकलं" म्हणत नसे. ती म्हणे, "पुन्हा लावून बघ." आणि मूल पुन्हा लावून बघे.

असा पावसाळा गेला, कार्तिक आला. कार्तिकात त्या गावची मुलं आवळीभोजनाला डोंगरावर जात. वरच्या सपाटीवर आवळीची चार-पाच झाडं होती. तिथे झाडाखाली बसून जेवायचं आणि येताना आवळे आणायचे, ही रीत. मुलांना नेण्याचं काम पंतोजींकडे होतं. शाळेत येणारी आणि न येणारी, सगळी मिळून चोवीस मुलं निघाली. त्यांत विसू होता, त्याचा चार वर्षांचा धाकटा भाऊ नारू होता आणि ठमीही होती. सगुणाक्काचे गुडघे धरले होते. तिने पत्रावळी आणि द्रोण एका टोपलीत भरले आणि टोपली ठमीच्या डोक्यावर दिली.

वर जेवणं छान झाली. ठमीने एकेकाच्या पुढ्यात पत्रावळ मांडली, पंतोजींच्याही. चटणी-भाकरी आणि दहीभात होता, द्रोणांची गरज लागली नाही. ते टोपलीतच राहिले. जेवण झाल्यावर मुलांनी आवळे वेचले आणि पंतोजींनी ते उपरण्यात बांधले.

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. हिवाळ्याच्या तोंडाला त्या डोंगरावर ते असंच येतं, कोणी हाक मारल्यासारखं. बघता बघता पुढचं झाड दिसेना. पंतोजी घाबरले. एका मुलीचा पाय मुरगळला होता, तिला त्यांनी पाठीवर घेतलं. बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि सगळ्यांना घेऊन ते खाली उतरू लागले.

पायथ्याशी धुकं विरळ होतं. गाव समोर दिसत होतं. पंतोजींनी पाठीवरची मुलगी खाली ठेवली आणि दगडावर बसले. त्यांना बोलायलाही दम नव्हता. ते म्हणाले, "विसू, मोज रे सगळ्यांना."

विसू पुढे झाला. त्याने बोट फिरवलं आणि नेहमीच्या सुरात म्हणायला लागला. बोट सावकाश चाललं होतं, तोंड भरभर. बोट शेवटच्या मुलापाशी पोचलं तेव्हा तोंडाने "चोवीस" म्हटलं आणि विसू थांबला.

"चोवीस, पंतोजी."

पंतोजींचा जीव भांड्यात पडला. मुलं अजून भेदरलेली होती. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून पंतोजींनी उपरणं सोडलं आणि म्हणाले, "ठमे, द्रोण वाट. प्रत्येकाला द्रोणभर आवळे घेऊन घरी जाऊ दे."

ठमीने एकेकाच्या हातात द्रोण दिला, एक पंतोजींपुढे ठेवला. स्वतःचा घेतला. मग ती टोपलीत बघत उभी राहिली.

"काय झालं?" पंतोजींनी विचारलं.

"एक द्रोण उरला."

"जास्तीचा आला असेल."

"नाही आला. सकाळी मी एका पत्रावळीवर एक द्रोण ठेवून आणलाय. वर पत्रावळी मांडल्या तेव्हा सगळ्यांना मिळाल्या आणि एकही उरली नाही. मग द्रोण कसा उरला?"

"कोणाला तरी द्यायचा विसरली असशील."

ठमीने वळून मुलांना विचारलं, "ज्याच्या हातात द्रोण नाही, तो कोण?"

सगळ्यांच्या हातात द्रोण होते.

पंतोजी दगडावरून उठले. त्यांनी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात मोजलं. हात तेविसाव्या डोक्यावर थांबला. पुढे डोकं नव्हतं.

त्याच वेळी विसू म्हणाला, "नारू कुठंय?"

पंतोजींनी मुलांना गावाकडे पिटाळलं, माणसं घेऊन यायला सांगितलं आणि स्वतः वाट पाहत न थांबता, आवळे ओतून मोकळं केलेलं उपरणं खांद्यावर टाकून, पुन्हा डोंगर चढले. ते हाका मारत होते. धुक्यात हाक लांब जात नाही, म्हणून दर दहा पावलांवर थांबून ते कान देत. सपाटीच्या कडेला, शेवटच्या आवळीखाली, त्यांना बारीक हुंदका ऐकू आला.

नारू आवळ्यासाठी कडेवरून खालच्या एका कपारीत उतरला होता आणि त्याला वर चढता येत नव्हतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. पेंगत पेंगत तो कडेकडे कलंडत होता. कपार दोन हात रुंद होती. तिच्यापुढे दरी.

पंतोजी पालथे झोपले. त्यांनी उपरणं खाली सोडलं. "नारू, हे मनगटाला गुंडाळ. सोडू नको. खाली बघू नको, माझ्याकडे बघ." मुलाने गुंडाळलं. पंतोजींनी त्याला ओढून वर घेतलं आणि पोटाशी धरून ते बराच वेळ तसेच बसून राहिले. गावची माणसं पोचली, तेव्हाही त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही. दिवेलागणीच्या आत नारू आईच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी ओवरीत पंतोजींनी विसूला जवळ बोलावलं. मुलगा भ्यालेला होता. पंतोजींनी आवाज चढवला नाही.

"विसू, काल तू कोणाकोणाला मोजलंस?"

विसू म्हणाला, "मी मोजलं नाही, पंतोजी. मी म्हटलं."

"मी तर मोजायला सांगितलं होतं."

"तुम्ही सांगता तेव्हा आम्ही म्हणतो. चोवीस जण आलोत हे मला ठाऊक होतं, म्हणून चोविसापर्यंत म्हटलं."

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. इतकी वर्षं ओवरीतून शंभरापर्यंत जाणारा तो आवाज पंतोजींना आठवला. त्यातला एकही आकडा कशाला तरी टेकलेला होता का, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्या दिवशी त्यांनी शाळा लवकर सोडली.

ते सगुणाक्काच्या अंगणात गेले. आक्का पानं पुसत होती. पंतोजींनी विचारलं, "आक्का, ठमीला तुम्ही हे कसं शिकवलंत?"

"मी कुठं शिकवलं, पंतोजी? मला पन्नासाच्या पुढं नीट म्हणताही येत नाही. मी तिला कामाला लावलं."

"आणि अंक?"

"अंक पानांबरोबर आले. आधी पान हातात घेतलं, मग त्याला नाव लागलं. तुम्ही नावं आधी देता. पोरांना वाटतं, नाव म्हणजेच वस्तू."

पंतोजी खाली बसले. आक्काने त्यांच्यापुढे पानं सरकवली. त्यांनी पत्रावळ लावायला घेतली. पहिलीला मध्येच भोक राहिलं. मुलं हसली, तसे पंतोजीही हसले. ठमी म्हणाली, "पुन्हा लावून बघा."

ओवरीत त्यानंतर आवाज कमी झाला. मुलं चिंचोक्यांचे ढीग करत, गोटे लहानमोठे लावत, एकाच मापाने रांजणात पाणी ओतत आणि ते केव्हा भरेल याचा अंदाज बांधत. ठमीला पंतोजींनी स्वतः जाऊन परत आणलं. "पाच काय?" असं तिने विचारलं, की आता ते तिच्या ओंजळीत पाच काहीतरी ठेवत. विसूला मात्र हे जड गेलं. त्याच्या तोंडाला वेगाची सवय होती आणि बोट सारखं मागे राही. कित्येक दिवस तो विसाच्या पुढे जाऊ शकला नाही. एकदा तर तो रडला. पंतोजींनी त्याला थांबू दिलं.

पुढच्या दसऱ्याला पाटील पाहुण्यांना घेऊन आले. ओवरीत मुलं मातीत बसून चिंचोके वाटून घेत होती. पाहुण्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. पाटलांचा चेहरा उतरला.

ते पंतोजींना बाजूला घेऊन म्हणाले, "शंभरापर्यंत कोणी म्हणून दाखवणार नाही?"

"आज नाही, पाटील. अजून तिसापर्यंतच आलोय."

"मागच्या दसऱ्याला शंभर होते."

"मागच्या दसऱ्याला एकही नव्हता. मला ते ठाऊक नव्हतं, एवढंच."

दर दसऱ्याला पाटील पंतोजींना भरसभेत शेला देत. त्या वर्षी दिला नाही. पुढच्या वर्षीही दिला नाही. लोक आपसांत म्हणाले, पंतोजी आता थकले, शाळा पहिल्यासारखी राहिली नाही. पंतोजींना वाईट वाटलं. पण सकाळी मुलं आली, की ते चिंचोक्यांची पोती सोडत आणि कामाला लागत.

तीन वर्षांनी मुलं पुन्हा शंभरापर्यंत पोचली. एक वाटसरू ओवरीत विसावला होता. त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, "पोरं म्हणतात बरोबर, पण फार सावकाश म्हणतात."

जवळ बसलेल्या विसूने उत्तर दिलं, "प्रत्येक आकड्याबरोबर काहीतरी डोळ्यांपुढे येतं, बाबा. ते बघायला वेळ लागतो."

वाटसरूला ते कळलं की नाही, कोण जाणे. तो पाणी पिऊन निघून गेला. आपण मात्र, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं पदरात बांधून घ्यावं:

आकडा आधी हाताला कळू द्यावा, तोंडाला तो मागाहून आपोआप येतो.