द्वारकीचा पातळ हात

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की सांगणाऱ्याच्या आज्यालाही ती ऐकूनच ठाऊक. कोकणात खैरोळी नावाच्या गावी पावणाई देवीचा लाकडी मुखवटा होता, आणि दर जत्रेला तो रंगवायचा मान चिताऱ्यांच्या एकाच घराचा. त्या घरात शेवटी उरली एकटी द्वारकी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कुंचला हेच तिचं गणगोत.

एका वर्षी घात झाला. चेहरा लांबून उठून दिसावा म्हणून बाईने रंगाचा जाड लेप थापला. वरून खडखडीत, आतून ओला! जत्रेत देवीला नवं लुगडं नेसवलं, पदर गालाला चिकटला, आणि सोडवायला जावं तर अर्धा गालच सोलून आला. गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, भडकला. "द्वारके, पुढच्या जत्रेक असा झाला, तर मान दुसऱ्या गावच्या चिताऱ्याक!" द्वारकी घरी येऊन ढसाढसा रडली. मान गेला तर तिला उरायचं काय, सांगा बघू?

मग उन्हाळा आला. एकदा ती पाहुण्यांसाठी पाण्यात कोकमाचं आगळ घालत होती. थोडं घातलं, पाणी गुलाबी झालं. आणखी घातलं, लालबुंद झालं. पण वाटीचा तळ काही लपेना. द्वारकी बघतच राहिली. "अगो बाय माझे! रंग खंय झाकता? मीच झाकत बसलंय!"

तिने मुखवटा लाकडावरच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत खरवडला. तेलात राळ कढवून पाण्यासारखं रोगण केलं, त्यात चिमूटभरच रंग घातला. आधी पिवळ्याचा पातळ हात. तो सुकला की तांबड्याचा. पहिल्यांदा धीर सुटला, ओल्यावरच दुसरा हात फिरवला, तर खालचा रंग सायीसारखा गोळा झाला. पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं म्हणतात, रंगवणं ती सासऱ्याकडे शिकली होती, थांबणं मात्र तिला एकटीलाच शिकावं लागलं.

जत्रा तोंडावर आली तसा गावकर डोकावला. चेहऱ्यावर नुसती पुसट झाक! "रंग लावतंस काय देवीचा तोंड धुतंस गो?"

"थांबा गावकरानू," द्वारकी म्हणाली. "मीय थांबलंय."

हात काही तिने जाड केला नाही.

जत्रेच्या सकाळी दारातून ऊन आलं. देवीला नेसवलेल्या नव्या लुगड्याचा पदर गावकराने स्वतः सारला. पदर अलगद सुटला! ऊन त्या सगळ्या थरांतून आत गेलं, पांढऱ्यावर आपटून माघारी आलं, आणि देवीचे गाल आतून तांबूस झाले. असं म्हणतात, देवीने श्वास घेतला आणि नथ हलली. ढोलवाल्यांच्या काठ्या हातातच राहिल्या. गावकराने हात जोडले. "द्वारके, ह्या लाकूड न्हय गो!"

पुढे द्वारकी म्हातारी झाली. असं म्हणतात, ती मेलीच नाही, पातळ होत होत त्या तांबड्यात विरून गेली. जाण्याआधी तिने गावाला सांगितलं, की माझ्यामागे हा मान माझ्यासारख्याच गावात आलेल्या नव्या सुनांचा. चिताऱ्यांचं घर मिटलं, मान मात्र गावाबाहेर गेला नाही.

आजही जत्रेआधी प्रत्येक नवी सून मुखवट्यावर एक पातळ हात फिरवते. त्याला द्वारकीचा हात म्हणतात. तो सुकेपर्यंत गावात कुणी घाई करत नाही. आणि दर वर्षी एखादी पोर हिरमुसून म्हणतेच, "माझो रंग दिसणाच नाय!"

म्हाताऱ्या सुना तिला जवळ घेतात. "दिसतलो गो. आमचोय असोच दिसलो."