सगळेच घरचे

बाजार समितीचे सभापती घुगरे यांचे सासरे तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाले आणि वॉर्डात जत्राच भरली. खाटेभोवती वीसेक कार्यकर्ते, त्यांचे हास्यविनोद, फोनवरचं मोठमोठ्याने बोलणं. शेजारच्या खाटेवरचा दम्याचा म्हातारा पुन्हा दचकून जागा झाला, तशा सिस्टर गायधने पुढे आल्या.

"साहेब, पेशंटजवळ एकाच नातेवाइकाला थांबता येतं. बाकीच्यांना बाहेर पाठवा."

"सिस्टर, यात परकं कोणी नाही," घुगरे खुर्चीत रेलून म्हणाले. "सगळे घरचेच आहेत. काय रे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

सिस्टरांचा चेहरा खुलला. "मग बरंच झालं. उद्या तुमच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, रक्त लागणार आहे. घरच्यांनी बाह्या वर करून रांगेत उभं राहा, मी रक्तपेढीला फोन करते."

फोन करून त्या वळल्या, तोवर एकाला गाडी हलवायची होती, एकाला आपला मधुमेह आठवला होता आणि बाकीचे काहीच न सांगता जिना उतरत होते. खुर्चीत एकटे घुगरे उरले. म्हातारा कूस बदलून झोपी गेला होता.

"आता कसं नियमात बसलं, साहेब," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "एकच नातेवाईक राहिला. चला, बाही वर करा."