मेणाचा अंगरखा

फार फार वर्षांपूर्वी विड्या वळणाऱ्या कोंडाबाईच्या फुफ्फुसात पांढऱ्या पेशींची एक टोळी पहाऱ्याला होती. श्वासाबरोबर आत शिरलेला प्रत्येक जंतू गिळायचा आणि पोटातल्या आम्लात विरघळवून टाकायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांच्यात सगळ्यांत थोरली होती रखमी.

एके दिवशी क्षयाचा एक जंतू आत आला. त्याच्या अंगावर मेणाचं जाड आवरण होतं. रखमीनं गाठलं तरी तो पळाला नाही. तिनं त्याला नेहमीसारखं गिळलं आणि त्याच्यावर आम्ल सोडलं. आम्ल मेणावरून नुसतं ओघळून गेलं.

"हे मेण उतरव," रखमी चिडून म्हणाली.

"उतरवलं तर मी मरेन," जंतू शांतपणे म्हणाला. "आणि मला इथं बरं वाटतंय, मावशी."

रखमीला त्याला ओकताही येईना. दिवस जात राहिले. तिच्या पोटात एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि प्रत्येक जण मेण पांघरूनच जन्मला. आपण आता फुटणार हे कळलं तेव्हा तिनं बहिणींना हाक मारली, "अगं, माझ्यातून जे बाहेर पडतील, त्यांना गिळू नका!"

"मग करायचं तरी काय?" धाकटीनं रडत विचारलं.

 रखमी फुटली आणि जंतू चहूकडे पसरले. कोंडाबाईला खोकल्याची उबळ आली.

बहिणी क्षणभर थबकल्या. गिळण्याखेरीज त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. मग त्या पुढे झाल्या आणि एकेकीनं एकेक जंतू गिळला.