करवंदाची जाळी आणि पायवाट

फार पूर्वी सह्याद्रीच्या एका जंगलात एक पायवाट होती. तिच्या कडेची करवंदाची जाळी तिची जिवाभावाची मैत्रीण होती. येणारीजाणारी माणसं वाटेला तुडवतात, हे जाळीला बघवत नसे. म्हणून एका वर्षी तिने आपल्या काटेरी फांद्या वाटेवर आडव्या पसरल्या.

"आता निवांत पड, बाई," ती म्हणाली. "कुणाचा पाय लागू देणार नाही तुला."

वाटेला आधी बरं वाटलं. पण काटे पाहून माणसं मागे फिरू लागली. वाटेवर गवत माजलं, वर पाचोळा साचला.

वैशाखात ती घाबरून म्हणाली, "ताई, फांद्या उचल गं. मी बुजत चाललेय."

"वेडी का तू? पुन्हा तुडवतील!"

"तुडवू दे. पाय पडतात म्हणून तर मी आहे."

तेवढ्यात सगुणाआत्या आणि तिची भाची चिमी करवंदं खायला आल्या. एकेक फोडून 'कोंबडा की कोंबडी' हा खेळ सुरू झाला.

"आत्या, माझं आतून लाल! कोंबडा निघाला!"

"माझी मेली फिकट कोंबडीच."

खाऊन झाल्यावर चिमी म्हणाली, "पुढं नुसते काटे आहेत. मागं फिरूया?"

ते ऐकून जाळीने जड मनाने फांद्या वर उचलून धरल्या. आत्याने पायानेच पाचोळा सारला.

"ये गं, वाट आहे इथं."

दोघी टाचा रोवत पुढे निघून गेल्या.

"दुखलं का गं?" जाळीने हळूच विचारलं.

"दुखलं," वाट म्हणाली. "पण त्या परत येईपर्यंत फांद्या खाली घेऊ नकोस."