चार महिन्यांचे इब्राहिमचाचा

कोल्हापुरातल्या एका छापखान्यात इब्राहिमचाचा मुजावर एकोणीस वर्षं कागद कापत आले होते. त्या साली मालक आबासाहेबांनी कामगारांचा सामूहिक विमा उतरवला. कामगाराचं काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना पाच लाख मिळणार होते. अट एवढीच, की नोकरी सलग पाच वर्षं झालेली हवी. चाचांना आपल्या माघारी एकटी पडणारी बायको जैतूनबी आठवली. पण यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"चाचा, दर अकरा महिन्यांनी एक दिवस कामावरून कमी करून तुम्हाला पुन्हा घेतो ना आम्ही?" आबासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "कागदोपत्री तुमची नोकरी फक्त चार महिन्यांची. नियम म्हणजे नियम!"

चाचा बाहेर आले, कटिंग मशीन बंद केलं आणि स्टुलावर जाऊन बसले. दिवाळीआधी द्यायची कॅलेंडरं तशीच पडून राहिली. आबासाहेब धावत आले.

"अहो, मशीन का थांबवलंत?"

चाचांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं आबासाहेबांचीच सही असलेली पाटी होती : 'एक वर्ष नोकरी न झालेल्याने या मशीनला हात लावू नये.'

"मालक, मी पडलो चार महिन्यांचा नवखा," चाचा अदबीनं म्हणाले. "एखादा जुना माणूस द्या. त्याच्या हाताखाली आठ महिने शिकतो, मग कापतो."

आबासाहेबांना हसू आवरेना. "चाचा, इथं सगळ्यांना शिकवलंत तुम्हीच. मलासुद्धा!"

त्यांनी तिथंच 'नोकरी सलग एकोणीस वर्षं' असं लिहून यादीत चाचांचं नाव चढवलं. वारस म्हणून जैतूनबीचं नाव नीट लिहिलेलं पाहिल्यावरच चाचांनी मशीनचं बटण दाबलं.