शेळीचा कौल

ऐका मंडळी, थोरांनी ऐका आणि पोरांनीही ऐका. पूर्वी, शिडाची गलबतं वाऱ्याच्या मर्जीने चालत होती त्या काळात, समुद्रकाठी एक गाव होतं. गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक तिथली मासळी आणि दुसरी तिथली अंगणं. पावसाळा सरला की राणीची पालखी त्या वाटेने देवीला जाई आणि जे अंगण नजरेत भरेल तिथे पाणी प्यायला थांबे. पालखी ज्याच्या दारी थांबली, त्या घराची मान वर्षभर ताठ.

त्या गावात एक चाल होती. नवं रोप लावण्याआधी त्याचं पान शेळीपुढे धरायचं. शेळीने खाल्लं, तर ते रोप लावण्यात अर्थ नाही. तिने तोंड फिरवलं, तर खुशाल लावायचं. याला म्हणत शेळीचा कौल. रोप टिकेल की नाही, एवढंच त्या कौलातून कळायचं. पण कौल मिळाला की गावाला वाटे, आता सगळ्यांचंच भलं झालं.

या गावात वेणू नावाची एक सून होती. नवरा गलबतावर खलाशी, वर्षातला बराच काळ दूर. घरात ती, तिचा आंधळा सासरा आणि ठिपक्या नावाचा कुत्रा. रोज सकाळी म्हातारा ठिपक्याच्या गळ्यातली दोरी आपल्या मनगटाला बांधी आणि दोघे किनाऱ्यावर निघत. वाटेत दगड आला की ठिपक्या थांबे. गुरं आली की अंगाने रेटून म्हाताऱ्याला बाजूला घेई. किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या जुन्या सोबत्यांत बसून म्हातारा दुपारपर्यंत बाता मारी. तेवढंच काय ते त्याचं जग, आणि ते त्या दोरीच्या टोकाला बांधलेलं होतं.

घरी परतल्यावर वेणू ठिपक्याला बांगड्याची डोकी स्वतःच्या हाताने भरवी. "तुझ्या हातचंच लागतं याला, लबाड कुठला!" म्हातारा हसून म्हणे.

वेणूला एकच गोष्ट खुपत होती. पालखी तिच्या दारी कधीच थांबली नव्हती. शेजारणीच्या दारी मात्र थांबली होती, आणि शेजारीण ते कुणाला विसरू देत नव्हती.

आदल्या श्रावणात वेणूने डोंगरात कळलावी फुललेली पाहिली होती. खाली पिवळ्या, वर लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या उसळलेल्या पाकळ्या. तेव्हापासून ते फूल तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पावसाच्या तोंडावर ती डोंगरात गेली आणि कोंब आलेला कंद खणून घेऊन आली.

"अगो, कळलावी दारात लावतेस? घरात भांडणं लागतील!" शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली.

"भांडायला घरात आहे कोण?" वेणूने हसून उत्तर दिलं.

खोटी भीती अशी सहज हसण्यावारी गेली आणि जाताना खरीलाही घेऊन गेली.

म्हाताऱ्याने कंद हातात घेऊन चाचपला. नांगराच्या फाळासारखा वाकडा. त्याचा चेहरा उतरला. "सूनबाई, हे विष आहे. तरुणपणी मी याने माणूस गेलेला पाहिलाय. घरात मुकं जनावर आहे, हे नको लावूस. मोगरा लाव, जास्वंद लाव. मोगरा फुललेला मलाही कळेल."

"शेळीने तोंड फिरवलंय, मामंजी."

"शेळीला विचारलंस. ठिपक्याला विचारलंस का?"

"तो काय पाला खातो?" वेणू म्हणाली आणि कंद पायरीशेजारी पुरून मोकळी झाली. ठिपक्याला तिने बोट दाखवून दटावलं, "इकडे फिरकायचं नाही." तो शहाणा. पावसाळाभर त्या बाजूला फिरकला नाही. वेल वर चढला आणि वेणूला वाटलं, म्हाताऱ्याला उगाच घोर लागला होता.

पण पालखीचा दिवस जवळ आला तरी कळ्या काही धरेनात. वेलाला जोर यावा म्हणून वेणूने गावातला जुना उपाय केला. बांगड्याची डोकी ठेचली आणि मुळाशी पुरली. रोजची डोकी तिकडे गेली, ठिपक्याच्या ताटलीत नुसता भात उरला.

ठिपक्याने पायरीशेजारची माती हुंगली. मातीत बांगडा होता आणि बांगड्याला वेणूच्या हाताचा वास होता. मुक्या जिवाने काय समजावं? आपला घास मालकिणीने आपल्यासाठीच जपून ठेवला असेल. दुपारी वेणू पाण्याला गेली तेव्हा त्याने माती उकरली. मासळी खाल्ली आणि तिच्यासोबत कंदही चावला.

वेणू परतली तेव्हा तो ओकत होता. खड्ड्यात अर्धा कंद पांढरा दिसत होता. तिने आपले हात पाहिले. अजून त्यांना मासळीचा वास येत होता. ती धाय मोकलून रडली, तिने त्याला ताक पाजलं, वैद्याला आणलं. वैद्याने पाहिलं आणि मान खाली घातली. ठिपक्या तळमळत राहिला. सकाळी दोरीची वेळ झाली तेव्हा तो उठायला धडपडला, म्हाताऱ्याच्या पायांपर्यंत सरकला आणि तिथेच गेला.

म्हाताऱ्याने त्याला अंगणातच पुरायला लावलं, त्याच खड्ड्यात. वेल तुटला नव्हता. अर्ध्या कंदावर तो जगला, आणि काय म्हणावं त्या वेलाला, भरभरून फुलला.

पालखी आली आणि वेणूच्या दारी थांबली. राणी खाली उतरली. पायरीवर म्हातारा बसला होता, रिकामी दोरी मनगटाला तशीच.

"आजोबा, तुमच्या दारासारखी फुलं मी कुठे पाहिली नाहीत," राणी म्हणाली. "तुम्हाला किती आनंद होत असेल!"

"मला काय दिसणार, राणीसाहेब?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "माझे डोळे त्या वेलाखाली पुरलेत."

राणीने त्याच्या मनगटावरची रिकामी दोरी पाहिली, वेलाखालची उकरलेली माती पाहिली, मग वेणूकडे पाहिलं. वेणू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो तांब्या कुणी घेतला नाही. पालखी उचलली गेली आणि पुढे निघाली.

वेणूने वेल मुळासकट उपटून जाळला. त्या जागी मोगरा लावला. नवरा परतला तो एक पिल्लू घेऊन. पण पिल्लू दोरीला शिकण्याआधीच म्हातारा गेला. मोगऱ्याला पहिली कळी आली तेव्हा तिचा वास घ्यायला तो पायरीवर नव्हता.

तेव्हापासून त्या गावात रोप लावताना शेळीला कुणी विचारत नाही. आधी दारातल्या कुत्र्याकडे पाहतात, मग हातातल्या रोपाकडे.

तात्पर्य: अंगणात काय शोभेल हे पाहण्याआधी अंगणात कोण वावरतं ते पाहावं.